टीएसपीओ पेट: आधी जीनोटाइप, मग स्कॅन

तुमचा बेत असा दिसतो: बडोद्यातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा पीबीआर२८ हा ट्रेसर (टीएसपीओ या, दाहाची खूण मानल्या जाणाऱ्या प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य) वापरून पेट स्कॅन काढायचा आणि जिथे एसयूव्ही (डोस आणि वजनाच्या हिशेबात ट्रेसर किती साचला त्याचं माप) जास्त, तिथे मेंदूत दाह आहे असं मांडायचं. प्रस्तावात काय खटकेल, असं विचारलंयत. ट्रेसर, मोजमाप आणि निष्कर्ष, तिन्ही खटकतील.

ट्रेसरचं लवकर आटोपतं. पीबीआर२८ कार्बन-११ चं, अर्धायुष्य २० मिनिटं. सायक्लोट्रॉन आवारातच नसेल तर विसरा. माल अहमदाबादहून एक्सप्रेसवेनं आणला आणि दारात यायला दीड तास धरला, तर कार्बन-११ जेमतेम ५ टक्के उरतो. फ्लोरिन-१८ (११० मिनिटं) निम्म्याहून जास्त. म्हणून डीपीए-७१४ किंवा एफईपीपीए हे फ्लोरिन-१८ चे ट्रेसर बघा. मात्र रोज एफडीजी (नेहमीच्या पेटमधली किरणोत्सारी साखर) पुरवणारं केंद्र हे बनवून देईलच असं नाही. आधी फोन करा, मग लिहायला बसा.

खरी गोम आरएस६९७१ या जनुकीय बदलात आहे. त्यामुळे टीएसपीओत १४७ व्या जागी अलानिनऐवजी थ्रिओनिन आलं की नवे ट्रेसर नीट चिकटत नाहीत. दोन्ही प्रती थ्रिओनिनच्या असतील, तर पीबीआर२८ ची पकड सुमारे ५० पटींनी ढिली पडते, आणि मेंदू निरोगी-आजारी कसाही असो, स्कॅन फिकाच येतो. युरोपीय लोकांत असे साधारण ९ टक्के, एकेकच प्रत असलेले ४० च्या आसपास. पूर्व आशियात हा बदल विरळ. यातला कुठलाही आकडा उचलून गुजरातेत लावू नका. निवडीच्या वेळीच ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत २-३ मिली रक्त घेऊन जीनोटाइप, म्हणजे जनुकाचा प्रकार, तपासा, कमी पकडीचे (दोन्ही प्रती थ्रिओनिनच्या) वगळा, उरलेले दोन प्रकार रुग्ण आणि तुलनेचे लोक अशा दोन्ही गटांत सारखे ठेवा. नाहीतर दोन गटांत जो फरक दिसेल, तो आजाराचा की जनुकाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या पीके१११९५ या ट्रेसरला ही कटकट जवळपास नाही, पण त्यात गोंगाट इतका की बारीक फरक बुडून जातात.

एसयूव्हीवर भागत नाही, कारण टीएसपीओ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि इतर अवयवांतही असतं. अंगात साधा संसर्ग असला तरी मेंदूपर्यंत किती ट्रेसर पोचतो ते बदलतं. चोख पद्धत म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्ताचे नमुने, चयापचितांची (शरीरात ट्रेसर मोडून बनलेल्या तुकड्यांची) दुरुस्ती आणि ६० ते ९० मिनिटांचा डायनॅमिक स्कॅन. (स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तेवढा वेळ निजवून ठेवणं हे वेगळंच प्रकरण, डोकं हललं की आकडे गेले.) धमनी टाळायची म्हणून सेरेबेलम (लहान मेंदू) संदर्भाला घेतात, पण टीएसपीओ तिथेही असतं, आजार तिथवर पोचला असेल तर गुणोत्तर फरक झाकून टाकतं. शिरांचे सायनस आणि कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतलं द्रव बनवणारी जाळी) एरवीही उजळ दिसतात, त्यांना घाबरू नका.

निष्कर्षात ‘मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) सक्रिय झाल्या’ असं लिहू नका. उंदराच्या मायक्रोग्लिया चेतवल्या की टीएसपीओ वाढतं. माणसाच्या पेशींत तसं होत नाही, तिथे सिग्नल बहुधा पेशींची दाटीच सांगतो. शिवाय अॅस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधारपेशी) ही त्यात भर घालतात. ‘टीएसपीओ वाढलेलं आढळलं’ एवढंच पुरे.

औषधांची यादीही तपासा. डायझेपाम याच प्रथिनाला चिकटतं, क्लोनाझेपाम फारसं नाही. डायझेपाम घेणाऱ्याला शक्यतो निवडूच नका. स्कॅनसाठी गोळी परस्पर बंद करायला तर मुळीच सांगू नका.