अपघाताचे दावे चालवू पाहणाऱ्या नव्या वकिलास

आपला पक्षकार दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला येतो, म्हणून पहिल्याच भेटीत एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या पावत्या मागून घ्याव्यात. मोटार वाहन कायद्यात २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली असल्यामुळे पोलिसांच्या कागदांसाठी अडून राहू नये.

खरी मेहनत अपंगत्वाच्या पुराव्यावर घ्यावी. माझ्या एका दाव्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या प्रमाणपत्रावर उजव्या हाताचे अपंगत्व ३० टक्के लिहिलेले होते. साक्षीच्या वेळी मी तिच्यापुढे पऱ्हाटीचे उकललेले बोंड ठेवले, तेव्हा तिचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकेनात, आणि किलोवर मजुरी मिळवणाऱ्या त्या माउलीचे नेमके काय गेले ते कोर्टाला दिसले. हाताचे अपंगत्व आणि कमाईची हानी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही डॉक्टरांना साक्षीला न बोलावता निव्वळ प्रमाणपत्र दाखल करणारे वकील मी आजही पाहतो, आणि मला त्याचे दुःख होते.

मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेले असतील, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारणार हे गृहीत धरून ट्रॉलीची स्वतंत्र पॉलिसी आधीच शोधावी.

आपल्या विदर्भातल्या दाव्याचे अपील ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल करावे लागते. तिथे नवा पुरावा सहजी घेतला जात नाही, त्यामुळे मजुरीचा साक्षीदार खालच्या कोर्टातच तपासून घ्यावा.