एसबस कार्ड ‘नॉट कॉन्फिगर्ड’ येतंय, ड्रायव्हरची सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न असा: सनच्या जुन्या स्पार्कस्टेशन २० वर नेटबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम नीट चालते, पण बूट होताना एसबसवरच्या (सनच्या मशीनमध्ये जादा कार्डं बसवायची बस) एका कार्डापुढे ‘स्लॉट २, लेव्हल ५ (आयपीएल ९) नॉट कॉन्फिगर्ड’ असं येतं (आयपीएल म्हणजे प्रोसेसरच्या बाजूची इंटरप्टची पातळी). त्याचा ड्रायव्हर लिहायचा तर आधी काय करायचं?

आधी त्या ओळीचा अर्थ बघा, कारण निम्मं काम तिथेच झालेलं आहे. एसबसवर ड्रायव्हर कार्ड शोधत फिरत नाही. कार्डावरच्या प्रॉम चिपमध्ये एफकोड नावाचा छोटा प्रोग्राम असतो. मशीन सुरू होताना ओपनबूट (सनचं बूट फर्मवेअर) तो चालवतं आणि कार्डाचं नाव, रजिस्टरांची (ज्यांतून कार्डाशी बोलायचं त्या खणांची) जागा, इंटरप्टची (कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या इशाऱ्याची) लेव्हल हे सगळं डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या यादीत, नोंदवतं. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फक्त ती नोंद वाचतो. तुमच्या कार्डाची नोंद आहे, तिच्यावर हक्क सांगणारा ड्रायव्हर तेवढा नाही.

म्हणून एडिटर उघडण्याआधी स्टॉप-ए दाबून ‘ओके’ प्रॉम्प्टवर जा. ‘शो-डेव्हज’ने कार्डाचा नोड शोधा, ‘सीडी’ने त्यात शिरा आणि ‘.ॲट्रिब्यूट्स’ टाका. नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, स्वल्पविरामासकट. (एखादं कार्ड ट्रीमध्येच दिसत नसेल, तर ‘एसबस-प्रोब-लिस्ट’मध्ये त्या स्लॉटचा आकडा आहे ना ते बघा. या सेटिंग्ज साठवणाऱ्या एनव्हीरॅम चिपमधली बॅटरी संपली की अशा सेटिंग्जचा भरवसा राहत नाही.)

ड्रायव्हरचा सांगाडा लहान असतो. कार्ड आपलं आहे का ते ठरवणाऱ्या ‘मॅच’ फंक्शनमध्ये फक्त नाव ताडून बघा, हार्डवेअरला हात लावू नका; नसलेलं रजिस्टर वाचलंत तर बस एरर येऊन कर्नल पॅनिक होईल. कार्ड तयार करणाऱ्या ‘अटॅच’मध्ये रजिस्टरं मॅप करा, कार्ड रीसेट करून त्याचे इंटरप्ट बंद करा, मग हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) जोडा आणि शेवटी इंटरप्ट चालू करा. हा क्रम मोडू नका. आयपीएलचा आकडाही कोडमध्ये लिहून टाकू नका. एसबसची लेव्हल ५ सन४एम मशीनवर (तुमचं स्पार्कस्टेशन २० याच प्रकारचं) आयपीएल ९ होते, सन४सी या आधीच्या प्रकारावर तीच ७ होते. बसने अटॅचला दिलेली किंमत तशीच पुढे द्या.

रजिस्टरांचं अंतरही तपासा. चिपच्या डेटाशीटमध्ये रजिस्टरं ०, १, २, ३ अशी सलग दिसतात, पण कार्डावर ती दर ४ बाइटांवर बसवलेली असू शकतात. सनच्या ईएसपी स्कझी कंट्रोलरमध्ये तसंच आहे: डेटाशीटमधलं ३ क्रमांकाचं रजिस्टर १२ क्रमांकाच्या बाइटवर सापडतं. कुठलंही रजिस्टर वाचलं तरी भलतंच काही येत असेल, तर पहिला संशय यावर घ्या.

खरा वेळ डीएमएत जातो, म्हणजे कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचतं-लिहितं त्या कामात. कार्डाला फिजिकल पत्ता देऊन चालत नाही आणि कर्नलचा व्हर्च्युअल पत्ताही नाही. सन४एमवर मध्ये आयओएमएमयू (कार्डाने दिलेला पत्ता मेमरीच्या खऱ्या पत्त्यात बदलणारा भाग) बसलेलं असतं. बस-डीएमएने (नेटबीएसडीची डीएमएसाठीची फंक्शनं) मॅप लोड केल्यावर सेगमेंटमध्ये जो पत्ता मिळतो, तोच कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहायचा. मॅप तयार करताना कार्डाच्या मर्यादाही तिथेच सांगा. लान्स इथरनेट चिप पत्त्याचे २४ बिटच बाहेर काढते, त्यामुळे तिचा बफर १६ एमबीची सीमा ओलांडून गेला की पुढचा डेटा भलतीकडे पडतो. त्यासाठी ‘बाउंड्री’ हा पॅरामीटर आहे.

आणि सिंक, म्हणजे प्रोसेसरची कॅश आणि मेमरी यांचा मेळ घालणारा कॉल, कधीही गाळू नका. कार्डाने वाचण्याआधी प्रीराइट. कार्ड मेमरीत लिहिणार असेल तर आधी प्रीरीड आणि नंतर पोस्टरीड. सुपरस्पार्क प्रोसेसरची कॅश बसवर नजर ठेवते, म्हणून तुमच्या मशीनवर सिंक विसरलात तरी बहुधा सगळं ठीक दिसेल. अशी नजर न ठेवणारी कॅश असलेल्या मशीनवर तोच ड्रायव्हर मधूनच मागच्या पॅकेटचा डेटा देतो आणि चूक शोधता शोधता आठवडे जातात. माझ्या मते जुन्या मशीनच्या ड्रायव्हरांत याइतकी त्रासदायक चूक दुसरी नाही.

इंटरप्टची लाइन इतर कार्डांबरोबर वाटून घेतलेली असू शकते. हँडलरने आधी आपल्या कार्डाचा स्टेटस वाचावा. इंटरप्ट आपला नसेल तर ० परत करावा, आपला असेल तर कार्डावरचं कारण पुसून १. कारण पुसायचं राहिलं तर लाइन वरच राहते, हँडलर पुन्हा पुन्हा लागतो आणि मशीन गोठल्यासारखं दिसतं.