खुनी अर्ध्यात कळला, मग पुढे काय वाचत होतीस?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू का, थोडा रागच आला. कादंबरीचा नाही, तुझा. 'काका, मला आवडली, पण खुनी कोण ते अर्ध्यातच कळलं, ग्रुपवर सगळे म्हणतायत स्लो आहे, नुसता घरसंसार भरलाय, मग मी अभिप्रायात चांगली म्हणू की नको?' अगं आवडली तर आवडली, परवानगी कुणाची मागतेयस? पण नुसतं 'आवडली' मला चालत नाही हेही तुला माहितीये. पान सांग. कुठल्या पानावर अडकलीस ते सांग, बाकीचं नंतर बघू.

तुझ्यामुळे मीही वाचली ती. गोळ्यांच्या डबीचं पान आठवतंय? सात वारांचे सात कप्पे, थोरली सून सोमवारी सकाळी सासऱ्यांना गोळी द्यायला डबी उघडते आणि बुधवारचा कप्पा रिकामा. ती काही बोलत नाही. झाकण लावते, डबी होती तिथे ठेवते आणि बाहेर येऊन नवऱ्याला विचारते, इलेक्ट्रिशियन किती वाजता येणारे? बस, एवढंच. प्रकरण संपलं. खून अजून कितीतरी पानं लांब आहे, पण या बाईला काहीतरी कळलंय आणि तिने गप्प बसायचं ठरवलंय, हे सगळं त्या इलेक्ट्रिशियनच्या प्रश्नात आलं. माझ्या मते गुन्हा तिथेच घडला, पुढचा खून म्हणजे त्याची पोचपावती. आता हे तुझ्या ग्रुपवरच्या मंडळींना 'स्लो' वाटत असेल तर वाटू दे, पण ते पान दाखवून वाटू दे ना! कुठे कंटाळा आला ते तरी सांगा. हवेत 'स्लो' म्हणायला काय जातंय.

आणि हा फापटपसाऱ्याचा आरोप काही नवीन नाही. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली डिटेक्टिव्ह कथेचे वीस नियम लिहिले, त्यात एक नियम असा की प्रेत हवंच, आणि दुसरा असा की लांबलचक वर्णनं, स्वभावाचं बारीक विश्लेषण, वातावरणनिर्मिती वगैरे भानगडी नकोत. लोकांनी नियम वाचले आणि आपल्याला हवं तेच लिहिलं. इंग्लिश लेखिका सीलिया फ्रेमलिनची 'द अवर्स बिफोर डॉन' ही कादंबरी १९५८ ची. त्यातल्या आईचं तान्हं बाळ रात्ररात्र रडतं, तिला झोप म्हणून नाही, आणि त्यात घरात एक भाडेकरू बाई राहायला येते. आईला काहीतरी खटकतंय, पण झोपेविना अर्धमेल्या झालेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार, तिचा स्वतःचाच स्वतःवर नाही! म्हणजे सगळा घरसंसारच. त्याला १९६० मध्ये एडगर पुरस्कार मिळाला, अमेरिकेत रहस्यकथांना देतात तो. आणि रूथ रेंडेल या इंग्लिश लेखिकेने १९७७ मध्ये 'अ जजमेंट इन स्टोन'च्या पहिल्याच वाक्यात कुणी मारलं, कुणाला मारलं आणि का मारलं, तिन्ही सांगून टाकलं. तरी माणूस शेवटपर्यंत वाचतो.

तेव्हा 'खुनी आधीच कळला' ही तक्रार लिहिण्याआधी एवढंच बघ की कळल्यावर तू पुस्तक बंद केलंस का. नाही ना? मग त्यापुढे कशासाठी वाचत होतीस ते लिही. आणि तेही पान सांगून.

तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं म्हणे की इतक्या साध्या घरात खून होत नाहीत, पटत नाही. त्याला सांग, संयुक्त राष्ट्रांचे २०२२ चे आकडे बघ, जगभरात जाणूनबुजून मारल्या गेलेल्या बायका-मुलींपैकी निम्म्याहून जास्त जणींना जोडीदाराने नाहीतर घरातल्याच माणसाने मारलं होतं. साधी घरंच असतात ती. पुस्तक पटवून द्यायला कमी पडलं असेल तर तो वेगळा मुद्दा, मग त्याने पान दाखवावं, मी ऐकून घेईन.

मेसेजच्या शेवटी तू हळूच लिहिलंयस, 'आमच्या घरासारखं वाटलं, पण ते कसं लिहू.' नको लिहूस. कुणी सांगितलंय? आपल्या घरची लक्तरं मांडली की अभिप्राय खरा होतो असं काही नसतं, उलट लोक मग पुस्तक सोडून तुझ्याकडेच बघत बसतात. डबीचं पान नीट लिही, ती काय बोलली आणि काय बोलली नाही, झाकण कसं लावलं. ज्याला ओळखायचं तो ओळखेल. आणि कृपा करून 'कुटुंब हाच खरा गुन्हेगार' असलं काही लिहू नकोस, ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतं.

मला हट्टी म्हणतात हे माहितीये मला. एका मासिकात मी बरीच वर्षं परीक्षणं लिहायचो, मग नवे संपादक आले, म्हणाले, शंभर शब्द द्या आणि पाचपैकी किती तारे ते द्या. मी म्हटलं, शंभर तर शंभर, पण एक प्रसंग धरून लिहीन, तारे देणार नाही. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. वाईट वाटतं अजून, खोटं कशाला बोलू, कारण ते वाचक मला आवडायचे, पत्रं पाठवून भांडायचे, 'तुम्ही म्हणता तो प्रसंग आम्हाला असा दिसलाच नाही' म्हणून. पण तारे दिले असते तर भांडले असते का? साडेतीन ताऱ्यांशी काय भांडणार कोणी? बरोबरच केलं मी. हे तुला सांगतोय की स्वतःला, जाऊ दे.

स्पॉयलरची काळजी करू नकोस फार. डबी रिकामी होती एवढं सांगितलं तर काही फुटत नाही, कुणी रिकामी केली ते सांगू नकोस म्हणजे झालं. सुरुवात कथानकाने करू नकोस, ते मागच्या कव्हरवर छापलेलं असतं. थेट पानावर ये. आणि जे आवडलं नाही तेही असंच लिही, धाकट्याची ती ऑफिसची प्रकरणं मलाही कंटाळवाणी वाटली, तिथे लेखिकेचंच लक्ष नाहीये, तो फोनवर बोलतो ती वाक्यं काढून बघ, कुणाच्याही तोंडी चालतील.

रविवारपर्यंत लिहून पाठव. 'खिळवून ठेवणारी' हा शब्द दिसला तर परत पाठवीन. आणि शेवटच्या प्रकरणात थोरली वरच्या खोलीला कुलूप लावते ते तुला कसं वाटलं तेही लिही, माझ्या मते लेखिकेने तिथे घाई केलीये, ती बाई कुलूप लावणाऱ्यातली नाही, झाकण लावणाऱ्यातली आहे. तुझं मत वेगळं असेल तर पान काढून बस, फोन करतो.

तुझा,
काका