वर्कशॉपचे पैसे भरण्याआधी

प्रिय पोरी,

टेपिंग (पट्ट्या चिकटवणं), कपिंग (पेले लावणं) की ड्राय नीडलिंग (सुया टोचणं), फिजिओथेरपीचं कुठलं वर्कशॉप आधी करू, असं विचारलंस. स्पष्ट सांगते, सध्या एकही नको. दोन दिवसांत हाताला तंत्र येतं. ते कुणाला लागू पडेल, हे ओपीडीतच कळतं. आणि तुझ्याकडे तर रोज गुडघेच येतात.

मग तिथूनच सुरुवात कर. एक वही घाल. पेशंट गेला की त्याच्याबद्दल पडलेला प्रश्न लिहून ठेव, पण नेमका. ‘गुडघ्याला काय द्यावं?’ याला उत्तर सापडत नाही. ‘साठीच्या बाई, गुडघ्याची झीज, जिना उतरताना दुखतं, व्यायामाच्या जोडीला अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) दिला तर फरक पडतो का?’ याला सापडतं. रात्री तो पेड्रोवर शोध. सिडनीहून 1999 पासून चालणारा हा संशोधनाचा साठा खास फिजिओथेरपीचा आहे आणि फुकट आहे. उपचाराची चाचणी किती काटेकोरपणे केली, याचे 10 पैकी गुणही तिथे दिलेले असतात. गुण चांगले असले तरी त्यातले पेशंट तुझ्या पेशंटसारखे होते का, ते बघच.

याच प्रश्नावर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2022 च्या सूचना वाच. सांधेझिजेच्या प्रत्येक पेशंटला व्यायाम द्या, असं त्या सांगतात. अल्ट्रासाउंड किंवा आयएफटी, टेन्ससारखे सौम्य विजेचे उपचार मात्र देऊ नका, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. आता आपल्याकडे मशीन लावलं नाही की पेशंटला उपचार झालेच नाहीत असं वाटतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याची समजूत नुसत्या बोलण्याने पटत नाही. त्याला दिसेल असं काहीतरी मोजावं लागतं.

साधारण 43 सेंटिमीटर उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, म्हणजे मागे सरकणार नाही. बाईंना छातीवर हातांची घडी घालायला सांग. 30 सेकंदांत त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहतात, ते मोज. आकडा फाइलवर ठळक लिही, त्यांना दाखव. काही आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोज. आकडा वाढलेला दिसला की घरचा व्यायाम चुकवायला त्यांनाच जिवावर येतं. नाही वाढला, तर व्यायामाचा भार कमी पडतोय का, हा तुझ्या वहीतला पुढचा प्रश्न.

इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही 1955 पासूनची संघटना. तिच्या परिषदेला जरूर जा, पण स्वतःच्या केसचं पोस्टर घेऊन. त्यापुढे उभं राहून दिलेली उत्तरं भाषणांपेक्षा जास्त शिकवतात. ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, तेवढं तपास.

वही भरत आली की एकच तक्रार वारंवार दिसू लागेल, जिथे तुझे हात अडतात. वर्कशॉप त्याचं कर, फीचं मी बघते. येत्या शनिवारी ओपीडी संपली की वही घेऊन ये. पहिला प्रश्न सोबत बसून शोधू.

तुझी,
मॅडम