बीप मोजायला लावण्याआधी

नकळत क्रम शिकण्याच्या तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. चार चौकोन, चार बटणं (ज्या चौकोनात खूण दिसेल त्याचं बटण दाबायचं), पुन्हापुन्हा येणारा दहा जागांचा क्रम आणि जोडीला बीप मोजणं, म्हणजे मानसशास्त्रज्ञ निसन आणि बुलेमर यांचा १९८७चा प्रयोगच की! त्यात बीप मोजणाऱ्यांना क्रमाचा फायदा, म्हणजे बटण लवकर दाबता येणं, जवळपास झालाच नव्हता. पण तेवढ्यावर ‘लक्ष विभागलं की शिकणं बंद’ असं लिहून मोकळा होऊ नकोस.

त्यांचा क्रम बघ : ४-२-३-१-३-२-४-३-२-१. तीननंतर कधी एक, कधी दोन. कोहेन, आयव्हरी आणि कील यांनी १९९०मध्ये दाखवलं, की प्रत्येक जागेनंतरची जागा ठरलेली असली तर बीप मोजतानाही क्रम बोटांत बसतो.

आणि चाचणी फक्त बीपसकट घेऊ नकोस. (मी माझं एक अख्खं सत्र असं घालवलंय.) क्रम आत मुरलेला असतो, पण मोजण्याच्या गडबडीत बोटांतून दिसत नाही, असंही होतं. शेवटी बीप बंद कर, क्रमाच्या दोन फेऱ्यांमध्ये क्रम विस्कटलेली एक फेरी घाल आणि तिथे बटण दाबायचा वेळ किती मिलिसेकंदांनी वाढतो ते बघ. ‘काही क्रम जाणवला का?’ हे त्यानंतरच विचार, आधी नाही.