कुटकीवर संशोधन करायचंय, मग एम.एस्सी. कशात?

प्रश्न : मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुटकीसारख्या औषधी वनस्पतींचा रोगप्रतिकारक पेशींवर काय परिणाम होतो, यावर तिला संशोधन करायचंय. एम.एस्सी. बॉटनीत करावी का? आणि यात नोकरी मिळेल का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, बॉटनीकडे वळू नका. इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र), बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक घ्या. वनस्पती नंतरही शिकता येते, पेशीचा अभ्यास मात्र आधी पक्का हवा.

रक्तातली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज या एन्झाइमच्या जोरावर सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप) तयार करते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे हायपोक्लोरस आम्ल बनतं. जंतू मारणारी ही द्रव्यं म्हणजे ऑक्सिडंट्स. हा मारा अति झाला तर आपल्याच ऊती पोळतात. काही मुलांत हे एन्झाइम जन्मतःच निकामी असतं (क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज) आणि ती सतत गंभीर संसर्गांनी आजारी पडतात. म्हणजे ऑक्सिडंट्स लागतातच. त्यामुळे ‘अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडंट्सना निष्प्रभ करणारं द्रव्य) म्हणजे चांगलंच’ हा समज मुलीनं आजच सोडावा.

हिमालयातल्या कुटकीत सापडणारं अपोसायनिन हे द्रव्य एनएडीपीएच ऑक्सिडेजला रोखतं. पण त्यासाठी न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमनं आधी त्याचं रूप बदलावं लागतं. ज्या पेशीत मायलोपेरॉक्सिडेज नाही, तिथे तेच द्रव्य मुख्यतः साध्या अँटिऑक्सिडंटसारखं वागतं.

खरी कसोटी प्रयोगाच्या टेबलावर लागते. पेशींत ल्युमिनॉल (ऑक्सिडंट्सशी गाठ पडली की प्रकाश देणारं रसायन) घातलं, वनस्पतीचा अर्क टाकला आणि प्रकाश कमी झाला. आता, एन्झाइम थांबलं, की अर्कानं तयार झालेले ऑक्सिडंट्स टिपून घेतले, की पेशीच मेल्या? हळदीतलं कर्क्युमिन तर स्वतःच चमकतं, त्यामुळे फ्लुरोसन्सचे (चमक मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे फसवतात. हे वेगळं करून दाखवणारे कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) लावता येणं, हीच या क्षेत्रातली विद्या. नुसते अर्क काढून आलेख छापणारे भरपूर आहेत.

आता पोटापाण्याचं. नुसत्या एम.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे धरून चाला. संशोधनात राहायचं तर नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) हवी, कारण पीएच.डी.च्या काळात घरखर्च फेलोशिपवर चालतो. फ्लो सायटोमेट्री (यंत्रातून एकेक पेशी तपासण्याचं तंत्र) मात्र तिनं जरूर शिकावी. वर सांगितलेल्या मुलांच्या आजाराचं निदान डायहायड्रोरोडामिन हे रसायन घालून याच यंत्रावर होतं, म्हणून हे कौशल्य डायग्नोस्टिक लॅबमध्येही चालतं.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी गॅट-बी (बायोटेकसाठीची) आणि आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षांच्या तारखा आत्ताच पाहा. पुण्यातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आघारकर संस्था आणि मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था यांच्या वेबसाइटवर शास्त्रज्ञांची यादी मिळेल. तिनं त्यांतल्या दोघातिघांचे शोधनिबंध वाचून, त्यातला एखादा नेमका प्रश्न विचारत, उन्हाळी प्रशिक्षणासाठी स्वतः ईमेल करावा.