तीन पानांत मुलीचं एकच वाक्य

पत्र : मॅडम, आम्ही मूल तालुक्यातले. चार एकर धानाची शेती, त्यातली दोन एकर मुलीच्या नागपूरच्या क्लाससाठी गहाण टाकली. तिला बारावीला ७८ टक्के. नीटमध्ये पहिल्यांदा ३४१ आणि यंदा ३९८. तिसऱ्यांदा बसवायचं म्हटलं तर म्हणते, "बसत नाही." तिला म्हणे जंगली जनावरं वाचवायचं काम करायचं आहे, परदेशातल्या मोठ्या संस्थेत जायचं आहे. यंदाच मोहफुलं वेचायला गेलेली माझी वहिनी वाघानं नेली. या पोरीला लहानपणी तिनंच सांभाळलं होतं. आता घरचीच पोरगी वाघाच्या बाजूची निघाली तर गाव तोंडात शेण घालेल. लग्नाचंही वय होत आलं. तुम्ही तिची समजूत घाला. आणि त्या परदेशी संस्थेची परीक्षा नीटपेक्षा सोपी असते का, भरती कधी निघते, तेही कळवा.
– एक वडील, जि. चंद्रपूर

भाऊ,

तुमचं पत्र तीन पानांचं होतं, इथे थोडक्यात छापलं आहे. वहिनींचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा हातात घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना काही गोष्टी दिसल्या, त्या आधी सांगते. संस्थेचं आणि परीक्षेचं नंतर.

मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा, आणि नीट असते मे महिन्यात. म्हणजे जिनं तिला अंगाखांद्यावर वाढवलं ती बाई गेल्यावर जेमतेम एक-दोन महिन्यांत तुमची मुलगी पेपरला बसली. त्या दिवसांत घरात काय चाललं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पंचनामा, नुकसानभरपाईचे कागद, येणारी-जाणारी माणसं, रात्री कुणाला झोप नाही. अशा घरातून जाऊन तिनं ३४१ चे ३९८ केले. सत्तावन्न मार्क वाढवले, भाऊ. तुम्ही तो आकडा नापासाच्या रकान्यात लिहिलात. मला तो वाचून त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं.

तीन पानांत शेताचा हिशोब आहे, क्लासची फी आहे, गाव काय म्हणेल ते आहे, लग्न आहे. तिच्या तोंडचे शब्द दोनच : "बसत नाही." का बसत नाही, हे तिला कुणी विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. "वाघाच्या बाजूची" हा शब्द तुमचा आहे, तिचा नाही. ज्या मुलीची मोठी आई वाघानं नेली ती वर्ष फिरायच्या आत जंगलाचंच काम करायचं म्हणते, तेव्हा तिच्या मनात काय चाललंय हे मी इथे बसून सांगू शकत नाही. एक मात्र सांगते. असं काही मोबाइलवर व्हिडिओ बघून सुचत नाही. समजूत घालायच्या आधी समजून घ्यायला हवं. तुम्ही मला उलट्या क्रमानं काम दिलं आहे, म्हणून ते मी करणार नाही.

आता त्या संस्थेचं. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही. शहरातले शिकलेले पालकही मला हेच विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये कुठेतरी मोठी कचेरी आहे, ती जगभरचे वाघ-हत्ती वाचवते आणि त्यासाठी माणसं भरती करते, असा समज असतो. तशी भरती नाही, तशी परीक्षाही नाही. १९४८ साली स्थापन झालेली आययूसीएन ही सरकारं आणि संस्था यांची संघटना आहे. कोणता प्राणी किती धोक्यात आहे, त्याची लाल यादी ती काढते. त्या यादीमागे हजारो तज्ज्ञ असतात, आणि बहुतेक जण ते काम आपापली नोकरी सांभाळून, मोबदला न घेता करतात. दुसरं नाव साइट्सचं. हा १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झालेला करार आहे, भारत त्यात १९७६ पासून आहे. वाघाचं कातडं, हाडं, नखं सीमेपलीकडे विकली जाऊ नयेत यासाठी तो आहे. पण त्या कराराचे स्वतःचे पोलीस नाहीत, वनरक्षक नाहीत. शिकारी पकडायचा तो मेळघाटातल्या किंवा तुमच्याच रेंजमधल्या माणसानं. २०१० साली सेंट पीटर्सबर्गला वाघ असलेल्या १३ देशांनी ठरवलं, २०२२ पर्यंत वाघ दुप्पट करायचे. तेव्हा भारताचा आकडा १,७०६ होता, २०२२ च्या गणनेत तो सरासरी ३,६८२ आला. साऱ्या जगात तो आकडा वाचला गेला. तो कुठून आला? जंगलात पायी फिरून पावलांचे ठसे, विष्ठा, ओरखडे यांच्या नोंदी करणाऱ्यांकडून, झाडांना कॅमेरे बांधणाऱ्यांकडून, आणि त्या फोटोंतले पट्टे जुळवून एकेक वाघ वेगळा काढणाऱ्यांकडून. त्याच गणनेच्या कामावर असताना नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. तिच्यासोबत मजूर होते, हातात नोंदीचं काम होतं. ज्याला आपण आंतरराष्ट्रीय काम म्हणतो ते असं तुमच्या घरापासून थोड्याशा अंतरावर चालतं.

हे मी मुद्दाम सांगितलं. या कामात धोका आहे, आणि तो लपवून मी तुमच्या मुलीला पुढे ढकलणार नाही.

तुम्हाला वाटतं, ही सगळी मंडळी वाघाची, गावाचं कुणी नाही. तुमचा राग मला पटतो. कित्येक वर्षं तसंच होतं. जंगल राखायचं म्हणजे माणसं बाहेर काढायची, असं मानणारे लोक होते आणि आजही आहेत. पण डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जवळजवळ सगळ्या देशांनी मिळून जैवविविधतेचा नवा आराखडा मान्य केला. २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचा, ही त्यातली गोष्ट सगळ्या पेपरांत आली. त्याच ओळीत स्थानिक लोकांच्या हक्कांचा मान राखायचं लिहिलं आहे, ते फारसं कुणी छापलं नाही. त्या आराखड्याच्या चौथ्या उद्दिष्टात तर माणूस आणि वन्यजीव यांच्यातला संघर्ष कमी करायचंही लिहिलं आहे. आययूसीएनचा या एकाच विषयावर वेगळा तज्ज्ञगट आहे, त्यानं २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मोहफुलं पहाटे वाकूनच वेचावी लागतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. हे ज्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही अशी माणसं या कामात फार कमी आहेत. तुमची मुलगी तशी आहे. गावानं कुणाच्या तोंडात शेण घालायचंच असेल, तर ते तिच्या नक्की नाही.

आता तिच्यासाठी स्पष्ट बोलते. सुरुवातीची बरीच वर्षं प्रकल्पावरची नोकरी असते, दोन-तीन वर्षांचा करार, मानधन बेताचं, पैसा संपला की काम संपलं. इंग्रजीत अहवाल लिहावे लागतात. आणि गणित नको म्हणून बायोलॉजी घेतलेल्या मुलांना धक्का बसतो, कारण वाघ मोजणं ही निम्मी संख्याशास्त्राची गोष्ट आहे. गळ्यात कॅमेरा घालून जिप्सीत फिरणं म्हणजे हे काम नव्हे.

मार्ग सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून एका दमात सांगते : वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी, मग प्रवेश परीक्षा देऊन डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत एमएस्सी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनविद्येची पदवी, पुढे एमपीएससी किंवा यूपीएससीची वनसेवा, आणि बारावीवर वनरक्षक भरती.

पण तुमच्या पत्रात नसलेला एक रस्ता मला जास्त जवळचा वाटतो. पशुवैद्यकाच्या पदवीचा प्रवेशही नीटच्याच मार्कांवर होतो. ते ३९८ वाया गेलेले नाहीत. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. यंदाची प्रवेशाची वेळापत्रकं आणि मागच्या वर्षीचे कटऑफ महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर या आठवड्यातच बघा. वाघ गावात शिरला की बेशुद्ध करायला पशुवैद्य लागतो, वाघ मेला की शवविच्छेदनाला तोच लागतो. आणि वन्यजीवांत नाही जमलं, तर गावोगावची ढोरं आहेतच. तुम्हाला डॉक्टर हवी होती ना? पण हे तिला आवडलं तरच. माझ्या पत्राचा आधार घेऊन तिच्यावर दुसरा क्लास लादू नका.

तिसऱ्यांदा नीटला बसवू नका. उरलेली दोन एकर गहाण टाकू नका. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगते. जी मुलगी आधीच दोन एकरांचं ओझं घेऊन अभ्यासाला बसते, तिच्यावर आणखी दोन टाकलेत तर मार्क वाढायचे नाहीत. लग्नाबद्दल मी इथे काहीच बोलणार नाही, कारण हे पत्र लग्नाचं नव्हतं.

आता एवढं करा. तुमच्या भागात वाघ फिरत असला की गावकऱ्यांचं प्राथमिक प्रतिसाद दल कामाला लागतं. गावातल्याच पोरांचं असतं ते. तिला त्या पोरांशी आणि बीटच्या वनरक्षकाशी बोलू द्या. वहिनी गेल्या त्या ठिकाणी काय चुकलं, कॅमेरे लावले होते का, मोहाच्या दिवसांत गावाला सूचना मिळाली होती का, हे तिला विचारू द्या. तुम्हीही सोबत जा. तिचे प्रश्न ऐकले की ती कुणाच्या बाजूची आहे ते तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

आणि पुढचं पत्र तिनं लिहावं. तुम्ही वाचून, दुरुस्त करून पाठवू नका. पाकीट तिलाच चिकटवू द्या.